गाळात रुतलेल्या बॉम्बचा माग

ऑगस्ट २०१३ मध्ये जर्मनीच्या बोर्कुम बेटाजवळ, उत्तर समुद्रात, ‘रिफगाट’ हा पवनऊर्जा प्रकल्प तयार झाला. तीस पवनचक्क्या, १०८ मेगावॉटची क्षमता. उद्घाटन झाले, वाराही भरपूर होता, पण किनाऱ्यावर वीज येईना. वीज आणणारी केबल समुद्रतळावर ज्या पट्ट्यातून टाकायची होती, तिथे दुसऱ्या महायुद्धातला दारूगोळा निघाला होता. तो शोधून बाजूला करीपर्यंत केबलचे काम अडले. दरम्यान खाऱ्या हवेत यंत्रे गंजू नयेत म्हणून पवनचक्क्या फिरत्या ठेवणे भाग होते. त्यासाठी डिझेलवर चालणारी जनित्रे लावावी लागली. केबल जोडली गेली ती फेब्रुवारी २०१४ मध्ये.

युद्ध संपून तेव्हा अडुसष्ट वर्षे झाली होती.

हा दारूगोळा तिथे आला कसा? काही भाग लढाईतला आहे. जहाजांच्या वाटेवर पेरलेले सुरुंग, नेम चुकलेले बॉम्ब, परतीच्या वाटेवर वजन हलके करण्यासाठी विमानांनी खाली सोडलेला साठा. पण मोठा भाग युद्ध संपल्यानंतरचा आहे. १९४५ मध्ये शरण आलेल्या जर्मनीची कोठारे लवकरात लवकर रिकामी करायची होती, आणि दोस्त राष्ट्रांना सगळ्यात सोपी जागा दिसली ती समुद्राची. मालवाहू तराफे आणि मासेमारीच्या होड्या भाड्याने घेतल्या गेल्या. पैसे फेरीमागे मिळत. त्यामुळे ठरवून दिलेल्या जागेपर्यंत न जाता वाटेतच माल ओतून परत फिरण्याचे प्रकार सर्रास झाले. आज नकाशावर एका चौकोनात दाखवलेला साठा प्रत्यक्षात बंदरापासून त्या चौकोनापर्यंतच्या साऱ्या वाटेवर विखुरलेला सापडतो.

जर्मनीच्या हद्दीतल्या पाण्यात असा सुमारे १६ लाख टन दारूगोळा असावा असा अंदाज आहे. त्यातला १३ लाख टन उत्तर समुद्रात, तर ३ लाख टन बाल्टिक समुद्रात. दहा टन माल वाहणाऱ्या ट्रकमध्ये तो भरला तर एक लाख साठ हजार ट्रक लागतील. एकामागे एक उभे केले आणि प्रत्येकाला आठ मीटर जागा धरली, तर ती रांग १,२८० किलोमीटरची होईल. मुंबईहून दिल्लीला जाणाऱ्या रस्त्याचा बहुतेक भाग तिने व्यापेल. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड यांच्यामधल्या ‘बोफर्ट्स डाइक’ या खोल घळीत ब्रिटनने टाकलेला दहा लाख टनांहून अधिक साठा या हिशेबात धरलेलाच नाही.

त्याचा उपद्रव केवळ कंत्राटदारांना होतो असेही नाही. २००५ मध्ये उत्तर समुद्रात एका डच मासेमारी बोटीच्या जाळ्यात मासळीबरोबर जुना बॉम्ब वर आला. डेकवर तो फुटला आणि तीन मच्छीमार जागीच गेले.

म्हणून तळावर केबल टाकण्याआधी, खांब रोवण्याआधी किंवा गाळ उपसण्याआधी तिथे बॉम्ब आहे का ते पाहावे लागते. हे पाहणे डोळ्यांनी होत नाही. उत्तर समुद्राच्या आणि बाल्टिकच्या गढूळ पाण्यात पाणबुड्याला अनेकदा हातभर अंतरावरचेही दिसत नाही. रडारचे तरंग खाऱ्या पाण्यात शिरताच विरून जातात. दूरवर जातो तो आवाज. समुद्राच्या पाण्यात तो सेकंदाला सुमारे १,५०० मीटर, म्हणजे हवेतल्या वेगाच्या चौपटीहून जास्त वेगाने धावतो. त्यामुळे सर्वेक्षणाची पहिली फेरी आवाजाची असते.

बोटीच्या तळाशी बसवलेला ‘मल्टिबीम’ ध्वनिमापक पंख्यासारख्या पसरलेल्या शेकडो ध्वनिझोतांनी तळ चाचपतो. प्रत्येक झोत परत यायला किती वेळ लागला, यावरून त्या बिंदूची खोली कळते आणि तळाच्या चढउतारांचा नकाशा तयार होतो. त्याच्या जोडीला ‘साइड-स्कॅन सोनार’ असतो. हे पाणतीराच्या आकाराचे यंत्र बोटीमागे दोराने ओढत नेतात. सर्वेक्षण करणारे त्याला ‘फिश’ म्हणतात. ते तळाच्या थोडे वरून जात दोन्ही बाजूंना तिरपा आवाज फेकते. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात शेतातल्या लहानशा ढेकळाचीही लांब सावली पडते, तशी इथे आवाजाची सावली पडते. तळावर पडलेल्या वस्तूमागे आवाज पोहोचत नाही आणि चित्रात काळा पट्टा उमटतो. जाणता माणूस वस्तूपेक्षा त्या सावलीकडे जास्त लक्ष देतो. वस्तू किती उंच आहे, लांबट आहे की गोल, मागे शेपटीची पाती आहेत का, हे सावलीच सांगते.

पण आवाजाचे हे डोळे तळाच्या पृष्ठभागापुरतेच. ऐंशी वर्षांत कितीतरी बॉम्ब वाळूत आणि चिखलात पूर्ण बुडाले आहेत. कमी कंप्रतेचा आवाज गाळात शिरतो आणि आतल्या थरांवरून, वस्तूंवरून परततो. तशी यंत्रेही वापरतात. तरीही पुरलेल्या लोखंडासाठी मुख्य भिस्त असते ती मॅग्नेटोमीटरवर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या यंत्रावर.

पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र उत्तर समुद्रात सुमारे ५०,००० नॅनोटेस्ला भरते. पोलादी बॉम्ब जवळ असेल तर त्या क्षेत्रात किंचित फरक पडतो. सीझियम धातूच्या वाफेवर चालणारे मॅग्नेटोमीटर एका नॅनोटेस्लाच्याही अंशाचा फरक टिपतात. एवढे तीक्ष्ण यंत्र हाती आल्यावर काम सोपे व्हायला हवे. अडचण येते ती अंतराची. अंतर वाढले की हा फरक घनाच्या प्रमाणात घटतो. एखाद्या बॉम्बमुळे तीन मीटरवर १०० नॅनोटेस्लाचा फरक पडत असेल, तर सहा मीटरवर तो साडेबारा होतो आणि नऊ मीटरवर चारपेक्षाही कमी. म्हणून हे यंत्र तळापासून दोन-तीन मीटर उंचीवर, खालच्या वाळूच्या टेकड्यांचे चढउतार सांभाळत ओढावे लागते. शेजारशेजारच्या फेऱ्यांत काही मीटरचेच अंतर ठेवावे लागते. नांगरणीत तास सुटला तर तेवढी जमीन पडीक राहते. इथे तास सुटला तर त्यात बॉम्ब राहू शकतो.

शिवाय बोट स्वतःच पोलादाची, म्हणजे मोठा चुंबकच. तिचा परिणाम टाळायला यंत्र तिच्यापासून लांब मागे ठेवतात. पृथ्वीचे क्षेत्रही दिवसभर एकसारखे राहत नाही. सूर्याच्या प्रभावाने ते रोज काही डझन नॅनोटेस्लांनी वरखाली होते आणि सौर वादळात तर त्याहून कितीतरी जास्त. समुद्रावरचा आकडा बॉम्बमुळे बदलला की सूर्यामुळे, हे ठरवायला किनाऱ्यावर एका जागी दुसरे मॅग्नेटोमीटर ठेवून त्याची नोंद वजा करतात, किंवा दोन संवेदक शेजारी ठेवून त्यांच्यातला फरक वाचतात. सूर्याचा परिणाम दोघांवर सारखाच असल्याने तो आपोआप गळतो.

या नाजूकपणाची साक्ष महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरच उभी आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले, तेव्हा कुलाबा वेधशाळेतली चुंबकीय मापने त्या प्रवाहांनी बिघडतील हे ओळखून १९०४ मध्ये अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा सुरू करण्यात आली. तिच्या इमारतीसाठी पोरबंदरचा अचुंबकीय दगड वापरला. पृथ्वीच्या चुंबकत्वाची रोजची हालचाल टिपण्याचे ते काम आजही तिथे चालते.

मॅग्नेटोमीटरची सगळ्यात मोठी मर्यादा मात्र अंतराची नाही, धातूची आहे. ती समजायला नोव्हेंबर १९३९ मधल्या टेम्स नदीच्या मुखाशी जावे लागते.

युद्ध सुरू होऊन तीन महिनेही झाले नव्हते आणि ब्रिटिश बंदरांच्या तोंडाशी जहाजे अचानक फुटून बुडत होती. सुरुंगाला धडक बसल्याचे दिसत नव्हते. २२ नोव्हेंबरच्या रात्री एका जर्मन विमानाने शूबरिनेसजवळ हवाई छत्रीने सुरुंग टाकले. ते ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलवटीत पडले. दुसऱ्या दिवशी लेफ्टनंट कमांडर जॉन ऊव्री आणि त्यांचे सहकारी भरतीच्या आधी तिथे पोहोचले. सुरुंग चुंबकीय असावा असा संशय होता, म्हणून पोलादी अवजारे चालणार नव्हती. पितळेची अवजारे मुद्दाम करून घेतली होती. ऊव्री यांनी चिखलात गुडघे टेकून त्याचा एकेक भाग काढला आणि सुरुंग निकामी केला. आत चुंबकसुई निघाली. वरून पोलादी जहाज गेले की सुई हले आणि स्फोट होई. हे गुपित उलगडल्यावर ब्रिटनने जहाजांभोवती तारांची वेटोळी गुंडाळून, त्यांतून वीज सोडून त्यांचे चुंबकत्व मारायला सुरुवात केली.

या सुरुंगाचे कवच ॲल्युमिनियमचे होते. पोटातली सुई स्वतःच्याच कवचामुळे बिघडू नये, म्हणून तिथे पोलाद टाळले होते. १९३९ सालच्या अभियंत्याची ती सोय आजच्या शोधकाला जड जाते. त्या कुळातले मोठे ‘एल-एम-बी’ सुरुंग, प्रत्येकी सुमारे सातशे किलो स्फोटके पोटात घेऊन, अजूनही उत्तर समुद्रात आणि बाल्टिकमध्ये पडून आहेत. मॅग्नेटोमीटर त्यांच्या डोक्यावरून जातो आणि आतल्या थोड्याशा पोलादी सुट्या भागांपलीकडे त्याला काही जाणवत नाही. पोलादी चहाच्या डब्याएवढाही ठसा उमटत नाही, अशी भीती असते.

त्यावर उपाय विद्युतचुंबकीय संवेदकाचा. तारेच्या वेटोळ्यातून विजेचा जोरदार झटका सोडतात आणि तो एकदम बंद करतात. त्या क्षणी जवळ कोणताही धातू असेल, मग तो पोलाद असो, ॲल्युमिनियम असो वा पितळ, तर त्यात क्षणभर विजेचे भोवरे फिरतात आणि विरतात. ते कसे विरतात, भराभर की रेंगाळत, यावरून धातूच्या तुकड्याचा आकार आणि भिंतीची जाडी यांचा अंदाज बांधता येतो. लग्नसमारंभाच्या दारात किंवा विमानतळावर आपण ज्या चौकटीतून जातो, तिचे तत्त्व हेच. मात्र त्याचा पल्ला अगदी तोकडा. यंत्र तळाला जवळजवळ चिकटून, घसरगाडीवर किंवा दूरनियंत्रित पाणवाहनावर बसवून, सावकाश न्यावे लागते. म्हणून आधी जुनी कागदपत्रे चाळतात: या भागात कोणत्या विमानदळांनी, कोणत्या जातीचे सुरुंग टाकले होते? ॲल्युमिनियमचे असण्याची शक्यता असेल, तिथेच हे महागडे काम काढतात.

यातले कुठलेच यंत्र ‘हा बॉम्ब’ असे सांगत नाही. यंत्र फक्त ‘इथे काहीतरी आहे’ एवढेच सांगते. सर्वेक्षणातून अशा ठिकाणांची शेकडो, कधी हजारो नोंदींची यादी निघते. तिच्यात तुटलेले नांगर असतात, साखळ्या, तारेचे दोर, मासेमारीच्या जाळ्यांची लोखंडी वजने, रिकामी पिंपे. हिमयुगात हिमनद्यांनी ओढून आणलेले धोंडेही असतात; त्यांच्यातल्या चुंबकीय खनिजांमुळे मॅग्नेटोमीटर फसतो. म्हणून आवाजाचे चित्र, चुंबकीय नोंद आणि विजेच्या भोवऱ्यांची नोंद एकमेकांवर ठेवून विश्लेषक एकेक ठिकाण चाळतो. सावली लांबट आहे, पण चुंबकत्व शून्य: ओंडका किंवा धोंडा असेल, नाहीतर ॲल्युमिनियमचा सुरुंग. वर काही दिसत नाही, पण खाली दोन मीटरवर चारशे किलो लोखंड असल्याचे गणित निघते: खणून पाहा. अलीकडे या चाळणीत संगणकाची मदत घेतात, पण शेवटचा शब्द माणसाचाच असतो. उरलेल्या ठिकाणांवर कॅमेरा लावलेले पाणवाहन जाते, पाण्याच्या झोताने गाळ सारते, आणि बहुतेक वेळा वर येते ते भंगार. या कामाचे खरे मोल त्या भंगारातच आहे, असे वाटते. प्रत्येक निरुपद्रवी तुकडा ओळखला गेला, की तेवढा तळ सुरक्षित ठरतो.

तोही कायमचा नाही. उत्तर समुद्रातल्या वाळूच्या टेकड्या प्रवाहांबरोबर सरकतात. आज खोल पुरलेला बॉम्ब काही वर्षांनी उघडा पडू शकतो, म्हणून असा निर्वाळा ठरावीक मुदतीपुरताच मानतात.

सापडल्यावर पुढे काय? पोलंडच्या श्विनोउश्चे बंदराजवळच्या कालव्यात २०१९ मध्ये गाळ काढण्याच्या कामात ‘टॉलबॉय’ जातीचा प्रचंड ब्रिटिश बॉम्ब सापडला. वजन ५.४ टन, त्यातली स्फोटके सुमारे २.४ टन. एप्रिल १९४५ मध्ये ‘ल्युत्सो’ या जर्मन युद्धनौकेवर टाकलेल्या बॉम्बांपैकी तो एक, न फुटता बारा मीटर पाण्याखाली रुतलेला. ऑक्टोबर २०२० मध्ये साडेसातशेच्या आसपास लोकांना घरांतून हलवून पोलंडच्या नौदलाने तो निकामी करायला घेतला. स्फोटके न फोडता, दूरवरून पेटवून जाळून टाकायची, असा बेत होता. पण जाळ मध्येच स्फोटात बदलला आणि पाण्याचा उंच स्तंभ आकाशात उसळला. पाणबुडे आधीच दूर गेले होते. कोणालाही इजा झाली नाही.

माणसे हलवता येतात, जलचर हलवता येत नाहीत. ऑगस्ट २०१९ मध्ये बाल्टिकमधल्या फेमार्न पट्ट्यात नाटोच्या नौदलांनी ४२ जुने ब्रिटिश सुरुंग जागीच फोडले. त्यानंतरच्या महिन्यांत किनाऱ्यावर पॉर्पस, म्हणजे डॉल्फिनचे छोटे भाऊबंद, मरून पडलेले आढळले. तपासलेल्या २४ पॉर्पसांपैकी आठ जणांच्या कानातली हाडे तडकलेली किंवा निखळलेली होती, आवाज टिपणाऱ्या मेदात रक्तस्राव झालेला होता. आवाजावर जगणाऱ्या प्राण्याचा कान फुटणे म्हणजे त्याचे डोळे जाणेच. स्फोट करणे अटळच असेल तेव्हा आता सभोवती तळावर छिद्रांच्या नळ्या अंथरून हवेच्या बुडबुड्यांचा पडदा उभा करतात. तो धक्क्याचा जोर बराच मोडतो. या खटाटोपाशिवाय पाण्यात स्फोट करायला यापुढे कुठल्याही नौदलाला परवानगी असू नये.

काही ठिकाणी हातही लावता येत नाही. टेम्सच्या त्याच मुखात, शीअरनेस गावासमोर, ऑगस्ट १९४४ मध्ये ‘रिचर्ड मॉन्टगोमेरी’ हे अमेरिकी जहाज वाळूत रुतून दुभंगले. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके अजून आहेत आणि त्याच्या डोलकाठ्या पाण्याबाहेर दिसतात. १,४०० टन म्हणजे किती, हे मुंबईला ठाऊक आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर जवळजवळ तेवढीच स्फोटके होती. त्या दुपारी ती फुटली; शेकडो माणसे गेली, ६६ अग्निशामक जवान गेले, आणि जहाजावरच्या सोन्याच्या विटा पुढे कित्येक दशके गाळ उपसताना सापडत राहिल्या. ‘मॉन्टगोमेरी’चा सांगाडा किती खचला, कुठे भेग वाढली, हे सोनारने दरवर्षी मोजले जाते. आजतरी उपाय म्हणून तेवढेच हाती आहे.

गंज मात्र थांबत नाही. कील शहराजवळच्या ‘कोल्बर्गर हाइड’ या जुन्या साठ्याजवळ संशोधकांनी पिंजऱ्यांत शिनाण्यांच्या जातीचे निळे शिंपले ठेवून पाहिले. कवच फुटून उघड्या पडलेल्या स्फोटकांजवळच्या शिंपल्यांच्या मांसात टीएनटीपासून बनणारी विषारी द्रव्ये सापडली. दुसरीकडे, ल्युबेक उपसागरात पडलेल्या व्ही-१ उडत्या बॉम्बांच्या स्फोटक टोप्यांवर दर चौरस मीटरला सरासरी ४३ हजार जीव वस्तीला असल्याचे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. भोवतालच्या गाळात ही संख्या आठ हजारांच्या आसपास होती. सपाट गाळात कठीण पृष्ठभाग मिळाला, की जीव विषाशेजारीही घर करतात. म्हणून साठा उचलताना त्या जिवांसाठी दुसरा आधार ठेवा, असे संशोधक सांगतात.

गंजाचा आणखी एक परिणाम शोधकामावर होतो. पोलाद जसजसे विरते, तसतसा त्याचा चुंबकीय ठसाही पुसट होत जातो. आत स्फोटके शाबूत, बाहेर मॅग्नेटोमीटरला सापडेल असे लोखंड थोडेच, अशी अवस्था अनेक ठिकाणी येऊ घातली आहे. जर्मनीने दहा कोटी युरोंचा कार्यक्रम हाती घेऊन २०२४ मध्ये ल्युबेक उपसागरात साठा उचलण्याची पहिली चाचणी केली. सोळा लाख टनांपुढे ती सुरुवात लहान आहे, पण उशीर आधीच खूप झाला आहे आणि आता थांबण्याला काही अर्थ नाही.

उन्हाळ्यात बाल्टिकच्या किनाऱ्यावर जाणारी मराठी कुटुंबे जर्मनीत आता पुष्कळ आहेत. त्यांना एक विनंती. उसेडोम बेटाच्या पुळणीवर पिवळसर खडे सापडतात. त्यांतले काही तृणमणी म्हणजे अंबर असतात आणि काही जुन्या आगलाव्या बॉम्बमधल्या पांढऱ्या फॉस्फरसचे. दोन्ही दिसायला सारखे. फॉस्फरस वाळला की खिशातच पेट घेतो आणि मांसापर्यंत भाजतो. असा खडा उचललाच, तर तो खिशात न ठेवता पत्र्याच्या डबीत, अंगापासून दूर ठेवा. गंजलेली नळकांडी किंवा गोल लोखंडी वस्तू दिसली तर तिला हात न लावता मागे फिरा आणि ११० क्रमांकावर पोलिसांना कळवा. कोकणच्या किनाऱ्यावर जाळ्यात किंवा वाळूत अशी अनोळखी वस्तू आली, तर सागरी पोलिसांचा क्रमांक १०९३ आहे.